टाकून दिलेलं उत्तर कुठे जातं?



विषय कोणता घेणार, असं संयोजकांनी फोनवर विचारलं तेव्हा मी म्हटलं, "वर्गसमीकरण." पलीकडे जरा शांतता. मग हळूच, "बाई, आदल्या दिवशी गडकिल्ल्यांवर व्याख्यान आहे. स्लाइड्ससकट." मुलुंडकर गडकिल्ल्यांना किती गर्दी करतात हे मला ठाऊक आहे, मीही त्या गर्दीत असते. तरी आज तुम्ही आलात. त्यातले काही जण उद्याच्या गाण्याच्या कार्यक्रमाची जागा धरायला आले असतील, त्यांचंही स्वागत.

ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याच वर्गात मी दहावीचं बीजगणित शिकले. म्हणून आधी एक छोटी परीक्षा. मी सुरुवात करते, तुम्ही पुरं करा. मायनस बी, प्लस ऑर मायनस…

(सभागृहातून एकमुखानं: "अंडर रूट बी स्क्वेअर मायनस फोर एसी अपॉन टू ए!")

शाब्बास! चाळीस वर्षांपूर्वी शाळा सुटली, नोकरी संपली, गुडघे गेले, पण सूत्र जागच्या जागी आहे. फोर एसी म्हटलं की हल्लीच्या मुलांना चार एसी लोकल दिसतात, तो भाग वेगळा. पण आता दुसरा प्रश्न. हे सूत्र काय सांगतं? त्यात काय भरायचं ते सगळ्यांना येतं. ते सांगतं काय?

बघा, आता पंख्यांचा आवाज ऐकू येतोय.

लाजू नका. मी स्वतः कित्येक वर्षं हे न सांगता शिकवत आले. ज्या दिवशी ते माझ्या लक्षात आलं, त्या दिवसाबद्दल बोलते. घाटकोपरला शिकवत होते. पुस्तकाबाहेरचं एक उदाहरण फळ्यावर घातलं. पाचव्या मजल्याची गॅलरी, जमिनीपासून १५ मीटर उंच. तिथून एका मुलानं चेंडू सरळ वर फेकला, सेकंदाला १० मीटर वेगानं. चेंडू जमिनीवर किती सेकंदांनी पडेल? गुरुत्वाचा आकडा सोयीसाठी १० धरला. क्ष सेकंदांनंतरची उंची म्हणजे १५ + १०क्ष − ५क्ष². ती शून्य करायची, पाचानं भागायचं, आणि हातात येतं क्ष² − २क्ष − ३ = ०. अवयव पडतात. उत्तरं दोन: ३ आणि −१.

मी नेहमीसारखं म्हटलं, "वेळ ऋण नसतो, म्हणून −१ टाकून द्या. उत्तर ३ सेकंद." मुलांनी −१ वर काट मारली. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "बाई, टाकून दिलेलं उत्तर जातं कुठे?"

वर्ग हसला. मीही हसले. आणि मग म्हणाले, "बस खाली, परीक्षेत विचारत नाहीत." शिक्षकाच्या तोंडी हे वाक्य एकदा आलं की समजावं, त्याचं उत्तर संपलेलं आहे.

माझं उत्तर का संपलं, याचा मी पुढे बराच विचार केला. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या बीजगणिताच्या पुस्तकात पहिलं प्रकरण आहे दोन चलांतील रेषीय समीकरणं. तिथे आलेख आहेत. दुसरं प्रकरण आहे वर्गसमीकरणं. तिथे तीन रीती आहेत: अवयव पद्धत, पूर्ण वर्ग पद्धत, सूत्र पद्धत. पहिल्या प्रकरणातला आलेख कागद मुलं नीट वापरतात, टोकदार पेन्सिलनं रेषा काढतात, तो कागद उत्तरपत्रिकेला दोऱ्यानं बांधतात. आणि दुसरं प्रकरण सुरू झालं की तो कागद दप्तरात जातो. प्रकरणं शेजारी-शेजारी, पण भिंतीला दार नाही. सीबीएसईच्या पुस्तकात बहुपदींच्या प्रकरणात हे वक्र दिसतात, हेही सांगायला हवं. पण तिथल्या मुलांनाही मी क्लासमध्ये विचारून पाहिलंय. चित्र वेगळं पाठ, सूत्र वेगळं पाठ.

आज मला त्या भिंतीत एक दार पाडायचं आहे. एवढंच. जास्त काही नाही.

आधी सरळ रेषा. उपनगरातल्या माणसाला ती शिकवावी लागत नाही, तो रोज तिच्यात बसतो. रिक्षा. पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये, आणि पुढे जितकं अंतर तितके पैसे. आणखी एक किलोमीटर गेलात तर जेवढे वाढतील तेवढेच त्याच्या पुढच्या किलोमीटरला वाढतील. वाढीचा दर ठरलेला. म्हणून रेषा सरळ. रिक्षावाला सरळ असो वा नसो.

आता त्याच रिक्षेतून उतरून पूर्व द्रुतगती महामार्गावर गाडीत बसा. ताशी ३६ किलोमीटर वेग, म्हणजे सेकंदाला १० मीटर. समोर कुत्रं आलं. तुम्ही दचकलात, पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, म्हणजे १० मीटर गेले. मग ब्रेक लागला आणि गाडी, समजा, आणखी १० मीटर घसरत थांबली. एकूण २०. आता वेग दुप्पट करा, ताशी ७२. दचकण्यात गेले २० मीटर, तेही दुप्पट. आणि ब्रेकनंतरचे? २० नाहीत. ४० मीटर. वेग दुप्पट, घसरणं चौपट. एकूण ६०. वेगात "थोडंसंच जास्त" मारणाऱ्या माणसाला जे कळत नाही, ते हेच आहे. दचकणं सरळ रेषेत वाढतं, थांबणं वर्गात वाढतं. वेगाला क्ष म्हटलं, तर समीकरणात क्ष असलेलं पद म्हणजे तुमचा दचका, आणि क्ष वर्ग असलेलं पद म्हणजे तुमचा ब्रेक. ए आणि बी ही नुसती अक्षरं नव्हेत, मंडळी. त्यांना पोटं असतात.

आता माझं आवडतं उदाहरण. इथे मी जरा रेंगाळणार आहे. स्टेशनबाहेर वडापावची गाडी आहे असं माना. आकडे माझे आहेत, कुठल्या गाडीवाल्याचे नाहीत, उगाच आयकरवाले नकोत. वडापाव २० रुपयांना. दिवसाला २०० खपतात. गल्ला ४००० रुपये. गाडीवाल्याचं निरीक्षण असं, की किंमत एक रुपयानं वाढवली की पाच गिऱ्हाइकं कमी होतात. मग किंमत किती वाढवावी?

क्ष रुपये वाढवली. किंमत २० + क्ष, खप २०० − ५क्ष, आणि गल्ला दोघांचा गुणाकार. दोन सरळ रेषा एकमेकींना गुणल्या. एक वर जाते, दुसरी खाली येते. गुणाकार कुठे जाईल? वर जाईल आणि खाली येईल. वर्गसमीकरणाचा सगळा स्वभाव या एका वाक्यात आहे.

आकडे घालू. ५ रुपये वाढवले: २५ गुणिले १७५, गल्ला ४३७५. १० वाढवले: ३० गुणिले १५०, गल्ला ४५००. १५ वाढवले: ३५ गुणिले १२५, गल्ला पुन्हा ४३७५. २० वाढवले: ४० गुणिले १००, पुन्हा ४०००. हे बिंदू आलेख कागदावर मांडा आणि पट्टी न वापरता हातानं जोडा. डोंगर तयार होतो. गोल नाही, टोकदार नाही, दोन्ही अंगांनी सारखा उतरणारा डोंगर. याला मराठीत अन्वस्त म्हणतात. पॅराबोला म्हटलंत तरी मी रागावणार नाही.

आता या डोंगराला प्रश्न विचारू. दिवसाचा गल्ला ४३७५ हवा, तर किंमत किती वाढवू? डोंगरावर त्या उंचीवर एक आडवी दोरी बांधा. ती दोन जागी टेकते, ५ वर आणि १५ वर. दोन उत्तरं! ४५०० हवेत? दोरी शिखराला टेकते. एकच उत्तर, १०. आणि ५००० हवेत? दोरी डोंगराच्या वरून, हवेतून गेली. कुठेच टेकली नाही. उत्तर नाही. गाडीवाल्यानं कितीही डोकं खाजवलं तरी या गिऱ्हाइकांकडून ५००० निघणार नाहीत.

आठवतं का, "मुळांचे स्वरूप"? विवेचक, म्हणजे ते बी स्क्वेअर मायनस फोर एसी, शून्यापेक्षा मोठा असेल तर मुळे वास्तव व असमान, शून्य असेल तर समान, ऋण असेल तर वास्तव नाहीत. आपण हे तीन ओळींत घोकलं. हा तर डोंगर आणि दोरीचा हिशोब आहे! दोरी कापते, टेकते, की वरून जाते. ४३७५ साठी समीकरण येतं क्ष² − २०क्ष + ७५ = ०, विवेचक १००. ४५०० साठी विवेचक शून्य. ५००० साठी उणे ४००. सूत्राच्या पोटातलं ते बी स्क्वेअर मायनस फोर एसी म्हणजे दोरीला विचारलेला प्रश्न: बाई गं, टेकतेस का?

आणि आता मघाची परीक्षा पुन्हा. सूत्र काय सांगतं? ५ आणि १५ बघा. त्यांच्या बरोबर मध्ये काय आहे? १०. म्हणजे शिखर. शिखरापासून एक उत्तर पाच पावलं डावीकडे, दुसरं पाच पावलं उजवीकडे. आता ते सूत्र दोन तुकड्यांत म्हणा. "मायनस बी अपॉन टू ए." थांबा. हे झालं शिखर, डोंगराचा मध्य. मग "प्लस ऑर मायनस." म्हणजे दोन्ही बाजूंना. आणि उरलेलं सगळं, ते वर्गमूळ भागिले टू ए, म्हणजे किती पावलं. मध्यावर उभे राहा आणि दोन्हीकडे सारखं चाला. चाळीस वर्षं तुम्ही जे एकमुखानं म्हणत आलात ते हे आहे. कागद न काढता चित्र काढायची ती रीत आहे.

या डोंगराची पायथ्याची टोकं बघायची राहिली. गल्ला शून्य कधी? ४० रुपये वाढवले तर, म्हणजे ६० रुपयांचा वडापाव, कोणी घेणार नाही. आणि दुसरं उत्तर −२०. किंमत २० नं कमी, म्हणजे फुकट. ३०० गिऱ्हाइकं, गल्ला शून्य. ऋण उत्तर आलं म्हणून टाकून देऊ? इथे तर ते सगळ्यात खरं उत्तर आहे. मुलुंड स्टेशनबाहेर फुकट वडापाव वाटून बघा, तीनशेच्या वर येतील.

आता हे सूत्र आलं कुठून? "मधल्या पदाची फोड" हा आपला शाळेतला शब्द. गुणाकार इतका, बेरीज इतकी, दोन संख्या शोधा. मुलांना हा खेळ आवडतो. पण याहून जुना शब्द आहे मध्यमाहरण: मधलं पद घालवणं. भास्कराचार्यांच्या बीजगणितात वर्गसमीकरणाला हेच नाव आहे. फोड करून नव्हे, ते पद पूर्ण वर्गात मुरवून घालवायचं. ते कसं?

समजा, एक चौरस खोली आहे आणि तिच्या दोन लगतच्या बाजूंना पाच-पाच फूट रुंद बाल्कनी. खोलीची बाजू क्ष. खोली आणि दोन बाल्कन्या मिळून क्षेत्रफळ क्ष² + १०क्ष. बिल्डरनं सांगितलं, हे ३९ चौरस फूट आहे. खोली केवढी? आकृती काढा. दोन बाल्कन्यांच्या मध्ये एक कोपरा रिकामा राहतो, पाच बाय पाच, म्हणजे २५. तो भरला की मोठा चौरस पूर्ण. ३९ आणि २५, एकूण ६४. मोठ्या चौरसाची बाजू ८. पाच वजा केले, खोली ३ फुटांची. हसू नका, ब्रोशरमध्ये तिला स्टडी म्हणतात.

३९ हा आकडा माझा नव्हे. नवव्या शतकात बगदादच्या अल-ख्वारिझ्मीनं हेच समीकरण घेतलं आणि चौरसाची आकृती काढून सोडवलं. आपल्याकडे श्रीधराचार्यांची रीत आणखी चतुर. दोन्ही बाजूंना चार ए नं गुणा आणि बी चा वर्ग मिळवा. अपूर्णांकच येत नाहीत. श्रीधरांचा बीजगणिताचा ग्रंथ आज उपलब्ध नाही. ही रीत उरली ती भास्कराचार्यांनी त्यांच्या नावानिशी उद्धृत केली म्हणून. दुसऱ्याचं श्रेय नीट लिहून ठेवलं तर ते आठशे वर्षांहून जास्त टिकतं, हे आमच्या गाइड छापणाऱ्या बांधवांनी ऐकावं.

भास्कराचार्यांचा जन्म इसवी सन १११४ चा, त्यांचा सिद्धांतशिरोमणी हा ग्रंथ ११५० चा. त्यांच्या बीजगणितातली माकडं मला फार प्रिय आहेत. एका कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग, इतकी माकडं वनात खेळताहेत, उरलेली १२ टेकडीवर ओरडताहेत. एकूण किती? बोरिवलीच्या नॅशनल पार्कात रविवारी गेलेल्या माणसाला चित्र लगेच दिसेल. समीकरण येतं क्ष² − ६४क्ष + ७६८ = ०. मध्य ३२, पावलं १६. उत्तरं ४८ आणि १६. दोन्ही पडताळून पाहा, दोन्ही बरोबर. भास्कराचार्य दोन्ही ठेवतात.

लगेच दुसरा कळप. पाचव्या भागातून तीन वजा केले, त्याचा वर्ग केला, तितकी माकडं गुहेत शिरली, आणि एक फांदीवर दिसतंय. उत्तरं ५० आणि ५. आता ५ घालून बघा. पाचाचा पाचवा भाग एक, त्यातून तीन गेले, उणे दोन. वर्ग चार, अधिक एक, पाच. आकड्यांचा हिशोब जुळला! पण उणे दोन माकडं? इथे भास्कराचार्य दुसरं उत्तर घेत नाहीत आणि कारण देतात: प्रत्यक्षातल्या ऋण संख्येवर लोकांचा विश्वास बसत नाही. किती सावध बोलणं आहे! उत्तर चूक आहे असं ते म्हणत नाहीत. लोकांना पटणार नाही म्हणतात. त्यांनी टाकलं ते विचार करून. मी घाटकोपरच्या वर्गात टाकलं ते सवयीनं.

एक आडवळण घेते, वेळ आहे ना? चाळीसगावजवळ पाटणला एक शिलालेख आहे, सुमारे १२०७ चा. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी तिथे मठ काढला, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी. लेख संस्कृतात, पण शेवटी मराठी येतं. कुठे? जिथे बाजारातल्या मालावरचं देणं मठाला लावून दिलंय, तिथे. म्हणजे गणित संस्कृतात आणि पैशाचं बोलणं मराठीत. हा लेख अभ्यासकांच्या नजरेला आणला तो मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी, ज्यांच्या नावाचं संग्रहालय भायखळ्याला आहे. मुलांना राणीच्या बागेत नेता, तेव्हा शेजारीच हे नाव दिसतं. त्यांना ही गोष्ट सांगा.

पण भास्कराचार्यांकडेही आलेख नव्हता. अन्वस्त हा वक्र ग्रीकांना फार आधी माहीत होता, समीकरणं आपल्याला आणि अरबांना माहीत होती, आणि दोघांची पक्की गाठ नव्हती. ती घातली १६३७ मध्ये गणिती देकार्तनं, वक्राला समीकरणाची भाषा देऊन. पुढच्याच वर्षी, १६३८ मध्ये, गॅलिलिओचं पुस्तक छापून आलं. त्यात फेकलेली वस्तू अन्वस्त मार्गानं जाते याची सिद्धता होती. सिद्धांतशिरोमणीपासून मोजलं तर पावणेपाचशेहून जास्त वर्षं. मानवजातीला दोन प्रकरणांमध्ये दार पाडायला इतका वेळ लागला, तर आमच्या दहावीच्या वर्गाला मी फार दोष देत नाही.

मात्र एक सावधगिरी. एकदा हा वक्र ओळखीचा झाला की माणसाला तो सगळीकडे दिसू लागतो. मागच्या वर्षी एका मुलानं लोकलच्या खिडकीतून वरच्या तारा दाखवून विचारलं, "बाई, अन्वस्त?" नुसती लोंबणारी तार किंवा साखळी अन्वस्त नसते. तिचा वक्र हा अन्वस्ताचा फसवा भाऊ आहे. ते दाखवून दिलं शास्त्रज्ञ हायगेन्सनं, १६४६ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी. रेल्वेचे लोक त्या तारेला त्या भावाच्याच नावानं कॅटेनरी म्हणतात. गंमत अशी, की तिला खालची सरळ तार सारख्या अंतरांवर टांगली की भार आडव्या दिशेनं सारखा पसरतो, आणि कॅटेनरी म्हणवणारी ती तार अन्वस्ताच्या फार जवळ जाते. म्हणजे पोराचं अगदीच चुकलं नव्हतं. खरा अन्वस्त हवा तर नारायणगावजवळ खोडदला जा. तिथे जीएमआरटी या रेडिओ दुर्बीण-प्रकल्पाच्या ३० दुर्बिणी आहेत, प्रत्येक तबकडी ४५ मीटर व्यासाची. समांतर येणाऱ्या रेडिओ लहरी एका बिंदूत गोळा करायच्या तर तबकडीचा छेद अन्वस्तच लागतो. तेवढं लांब नको असेल तर गच्चीवरची डिश बघा.

आता तिसऱ्या बाकावरच्या मुलीकडे परत जाऊ. तिला मी उत्तर देणं लागते.

गॅलरीतल्या चेंडूचं समीकरण होतं क्ष² − २क्ष − ३ = ०. मध्य कुठे? १ वर. एका सेकंदाला चेंडू सगळ्यात उंच, २० मीटरवर. तिथून पावलं किती? दोन. उजवीकडे दोन पावलं, ३ सेकंद, चेंडू जमिनीवर. डावीकडे दोन पावलं, −१. आता आलेख काढताना आपण काय करतो? शून्यापासून सुरू करतो, कारण चेंडू शून्य सेकंदाला हातातून सुटला. डोंगराचा डावा उतार कागदावर अर्धाच राहतो. तो पुरा काढा. पेन्सिल शून्याच्या मागे न्या, पाचव्या मजल्याच्या खाली, चौथा, तिसरा, दुसरा… आणि वक्र जमिनीला टेकतो तिथे वेळ आहे, उणे एक सेकंद.

म्हणजे काय? म्हणजे तोच चेंडू गॅलरीतून कोणी फेकलाच नसता, आणि खाली सोसायटीच्या आवारात उभ्या असलेल्या दुसऱ्या मुलानं एक सेकंद आधी जमिनीवरून सरळ वर मारला असता, सेकंदाला २० मीटर वेगानं, तर तो बरोबर त्या क्षणी पाचव्या मजल्याच्या गॅलरीसमोरून त्याच वेगानं वर गेला असता. समीकरणाला गॅलरी माहीत नाही, हात माहीत नाही. त्याला फक्त चेंडू माहीत आहे. मी ज्याला टाकून द्यायला सांगितलं, तो खाली उभा असलेला मुलगा होता.

हे मला सुचलं तेव्हा ती मुलगी शाळा सोडून गेली होती. आज ती सभागृहात असेल तर तिनं भेटल्याशिवाय जाऊ नये. आणि बाकीच्यांसाठी, मागच्या टेबलावर चहाशेजारी आलेख कागद ठेवले आहेत. पेन्सिलीही आहेत. कागद घ्या, गॅलरीतला चेंडू काढा, आणि सुरुवात शून्यापासून करू नका.